चंद्राचा डोळा आणि उसना साक्षीदार

अपोलो मोहिमांवरची अमेरिकी मालिका, आणि तिच्या शेवटच्या भागाचे नाव मात्र फ्रेंच. प्रथम पाहणाऱ्याला ही चूकच वाटावी. 'फ्रॉम द अर्थ टू द मून' ही १२ भागांची मालिका एचबीओ वाहिनीने १९९८ साली दाखवली. केनेडींच्या आव्हानापासून अपोलो १७ पर्यंतचा सारा प्रवास तिने मांडला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट लघुमालिकेचा एमी पुरस्कार मिळवला. अकरा भाग अग्निबाण, अभियंते, अपघात आणि अंतराळवीरांचे संसार यांत गेल्यावर बाराव्या भागात कथा एकाएकी १९०२ सालात, पॅरिसजवळच्या एका काचेच्या स्टुडिओत शिरते. तेथे जॉर्ज मेलिएस नावाचा जादूगार कापडी पडदे, पुठ्ठा आणि रंग यांच्या आधारे चंद्रावर जाण्याचा चित्रपट काढत असतो. भागाला नाव दिले आहे ते याच चित्रपटाचे : 'ल व्हॉयाज दाँ ला लून', म्हणजे चंद्राची सफर.

गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुलाच्या आसपास, सूतगिरणी चौकाच्या अलीकडे-पलीकडे, स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने इतिहासाला लागलेला आणि मग परीक्षा बाजूला ठेवून त्यातच रमलेला एक तरुण वर्ग आहे. असा वर्ग महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात सापडतो. त्याच्या हाती इतिहास आता पुस्तकाआधी मालिकेतून येतो. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. पूर्वी तो कीर्तनातून आणि पोवाड्यातून येत होता. प्रश्न वेगळा आहे. एखादी मालिका जुन्या चित्रपटाला आपल्या कथेत बोलावते, तेव्हा ती त्या चित्रपटाविषयी साक्ष कोणाची काढते? 'फ्रॉम द अर्थ टू द मून'च्या बाराव्या भागाने ही साक्ष एका अशा माणसाकडून काढली, जो कधी जन्मालाच आला नव्हता.

आधी त्या चित्रपटाविषयी. मेलिएसचा जन्म १८६१ चा. तो मूळचा जादूगार. पॅरिसमधले रोबेर-हूदँ हे जादूच्या प्रयोगांचे प्रसिद्ध नाट्यगृह त्याने १८८८ मध्ये विकत घेतले होते. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये चलच्चित्रांचा खेळ केला, त्या वेळी तो प्रेक्षकांत होता. त्याने यंत्र विकत मागितले. ल्युमिएरांनी नकार दिला. मग लंडनहून दुसऱ्या कारागिराचे यंत्र आणून, त्यात फेरफार करून, त्याने स्वतःचा कॅमेरा उभा केला. १८९७ मध्ये माँत्रय येथे छतापासून भिंतींपर्यंत काचेचा स्टुडिओ बांधला, कारण त्या काळी चित्रीकरणाला सूर्यप्रकाशावाचून दुसरा खात्रीचा दिवा नव्हता. कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू वा माणूस बदलायचा, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा, की पडद्यावर बाईचा सांगाडा होतो आणि छत्रीचे अळंबे होते. ही युक्ती त्याने इतक्या सराईतपणे वापरली की पुढच्या साऱ्या चमत्कृतिपटांची ती मूळ बाराखडी ठरली.

'चंद्राची सफर' सप्टेंबर १९०२ मध्ये प्रदर्शित झाला. सुमारे १४ मिनिटांचा, ३० दृश्यांचा हा चित्रपट पुरा व्हायला तीन महिने लागले आणि खर्च आला १०,००० फ्रँक. त्या काळी दोन-तीन मिनिटांचे चित्रपट निघत, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगाचा आवाका कळतो. टोकदार टोप्या घातलेले खगोलशास्त्रज्ञ सभा भरवतात, त्यांतले सहा जण तोफेच्या गोळ्यात बसतात आणि तो गोळा थेट चंद्राच्या डोळ्यात रुततो. चंद्राला माणसाचा चेहरा आहे. आपल्याकडच्या लिंबोणीच्या झाडामागच्या चांदोबाला नाक-डोळे असावेत आणि त्यातल्या एकात कोणी लोखंड खुपसावे, तसे ते चित्र. चित्रपटांच्या इतिहासात याहून अधिक ओळखीचे चित्र क्वचितच असेल. ज्यांनी मेलिएसचे नाव ऐकलेले नाही, त्यांनीही तो डोळा कोठे ना कोठे पाहिलेला असतो.

या चंद्राशी मराठीचे नाते चित्रपटाहून जुने आहे. ज्यूल व्हर्नच्या ज्या १८६५ च्या कादंबरीवरून अमेरिकी मालिकेने आपले नाव घेतले आणि मेलिएसने आपल्या कथेचा अर्धा माल उचलला, तीच कादंबरी मराठीत १९०० च्या सुमारास अवतरू लागली होती. कोचीनमध्ये शिक्षकी करणारे कृष्णाजी नारायण आठल्ये 'केरळ कोकिळ' नावाचे मराठी मासिक चालवीत; त्यात 'चंद्रलोकची सफर' या नावाने व्हर्नचे रूपांतर आले. मराठी विज्ञानकथेचा आरंभ सांगताना अभ्यासक बहुधा याच रूपांतराकडे बोट दाखवतात. माँत्रयच्या स्टुडिओत चंद्र रंगवला जाण्याच्या आधीच मलबारच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या मासिकाचे वाचक चंद्राकडे निघाले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी. तीत मिरवण्यासारखे थोडे आहे आणि कुतूहलासारखे पुष्कळ.

पडद्यावर काय चालले होते? मेलिएसचे खगोलशास्त्रज्ञ मिरवणुकीने घरी परतण्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९०१ मध्ये, मुंबईच्या चौपाटीवर एका खऱ्या गणितज्ञाचे स्वागत झाले. केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मायदेशी परतले आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी त्या स्वागताचे चित्रीकरण केले. भारतातला पहिला वृत्तपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. पॅरिसने कल्पनेतले शास्त्रज्ञ चंद्रावर धाडले आणि मुंबईने खऱ्या गणितज्ञाला बोटीवरून उतरताना टिपले. चित्रपटकलेचे दोन रस्ते, एक ल्युमिएरांचा आणि एक मेलिएसचा, असे पुस्तकात वाचायला मिळते. सावेदादा पहिल्या रस्त्याचे प्रवासी. दुसऱ्या रस्त्याने जाणारा मराठी माणूस पुढे यायचा होता आणि तोही जादूगारच निघायचा होता. पण त्याच्याकडे नंतर वळू.

आता मालिकेकडे. शेवटच्या भागात मेलिएसला आणणे ही निवड उत्तम होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अपोलो १७ ही मानवाची चंद्रावरची शेवटची मोहीम. जीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट टॉरस-लिट्रो खोऱ्यात सुमारे ७५ तास राहिले. श्मिट हा स्वतः भूवैज्ञानिक, त्याने शॉर्टी विवराच्या काठी नारिंगी माती शोधली. त्या दोघांनी सुमारे ११० किलो दगडमाती पृथ्वीवर आणली. १४ डिसेंबर १९७२ रोजी सर्ननने चंद्रावरून पाय उचलला आणि त्यानंतर तेथे कोणी माणूस उतरलेला नाही. अशा शेवटाला काय म्हणायचे, हा पटकथाकारापुढचा खरा पेच. विजयगीत म्हटले तर खोटे वाटते आणि रडगाणे लावले तर अकरा भाग वाया जातात. टॉम हँक्सने, जो या भागाचा लेखकही होता, आरंभ आणि शेवट शेजारी मांडले. जे प्रथम पुठ्ठ्यात पाहिले तेच सत्तर वर्षांनी दगडात पाहिले गेले, हा विचार त्याला सांगायचा होता आणि तो नेमका पोहोचतो. मेलिएसचा गोळा शेवटी समुद्रात पडतो आणि त्याला बोट ओढून नेते. अपोलोची याने समुद्रातच उतरली. असे योगायोग मालिकेने शोधायला नकोत, ते आपसूकच समोर असतात.

बिघडते ते पुढे. मेलिएसची ही कथा सांगण्यासाठी मालिकेने त्याचा एक सहायक उभा केला : झाँ-ल्यूक देस्पाँ. त्याची भूमिका हँक्सनेच केली. अंतराळवीर आणि अभियंते आपल्या आठवणी सांगतात त्याच थाटात हा देस्पाँही आपल्या आठवणी सांगतो. मेलिएसच्या परिवारात या नावाचा सहायक नव्हता. मालिकेतला दूरचित्रवाणी वार्ताहर एमेट सीबॉर्न हाही असाच कल्पित. पण सीबॉर्न हा अमेरिकेतल्या त्या काळच्या वार्ताहरांचा सरासरी चेहरा आहे आणि प्रेक्षकही त्याला तसाच घेतो. देस्पाँचे तसे नाही. त्याच्या तोंडून एका खऱ्या माणसाची, खऱ्या चित्रपटाची, खऱ्या अन्यायाची साक्ष काढली जाते. आणि साक्ष माहितीपटाच्या भाषेत असल्याने पाहणारा ती नोंदवून घेतो.

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारीतून गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव ओळखीचा असेल. गाइड दिवा उंच धरतो, आवाज खाली आणतो आणि शत्रू येथे कसा चुकला, येथून उकळते तेल कसे पडले, हे असे सांगतो की जणू तो त्या रात्री पहाऱ्यावर होता. ऐकायला फार चांगले वाटते. अंधारी खरी आहे, वळणे खरी आहेत, शत्रूही खरा होता. फक्त सांगणारा तेथे नव्हता. गाइडला कोणी इतिहासकार समजत नाही म्हणून तेथे फारसे बिघडत नाही. पुरस्कार मिळालेल्या मालिकेला मात्र लोक इतिहास समजतात.

कल्पित पात्र घेऊ नये असा हट्ट येथे नाही. ऐतिहासिक कादंबरीने मराठी माणसाला इतिहासाची गोडी लावली आणि तिच्यात कल्पित पात्रे भरपूर होती. हरकत एवढीच, की जेथे खरे साक्षीदार हजर होते तेथे त्यांना उठवून उसना माणूस बसवला गेला. आणि ते खरे साक्षीदार उसन्याहून कितीतरी रंजक होते.

चंद्रावरच्या त्या कसरतबाज रहिवाशांच्या, म्हणजे सेलेनाइटांच्या, भूमिका पॅरिसच्या फोली-बेर्जेर या करमणूकगृहातल्या कसरतपटूंनी केल्या. चंद्रकोरीवर बसलेली देवता झाली होती ब्ल्यूएत बेर्नाँ ही गायिका. शातले नाट्यगृहाच्या नर्तकी चांदण्या झाल्या. अभिनेत्री झान दाल्सी मेलिएसच्या कितीतरी चित्रपटांत दिसली. पुढे १९२५ मध्ये तिचे मेलिएसशी लग्न झाले आणि माँपार्नास स्थानकावरचे खेळण्यांचे छोटे दुकान दोघांनी मिळून चालवले. ती १९५६ पर्यंत हयात होती. चित्रपटाच्या वैभवाची आणि दुकानातल्या दिवसांची अशी दुहेरी साक्ष दुसरे कोण देऊ शकले असते?

याहून मोठी साक्ष रंगाची आहे. 'चंद्राची सफर' काळापांढरा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या काही प्रती रंगीत होत्या आणि तो रंग हाताने दिलेला होता. पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युइलिए नावाची बाई फिल्म रंगवण्याचा कारखाना चालवी. तेथे दोनशेहून अधिक स्त्रिया काम करीत. प्रत्येकीकडे एक रंग. नखाएवढ्या चौकटीतला आपल्या वाट्याचा कोट किंवा झेंडा बारीक कुंचल्याने रंगवायचा आणि पुढची चौकट घ्यायची. १४ मिनिटांच्या चित्रपटात अशा चौकटी हजारोंनी भरतात, आणि हे प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा पहिल्यापासून. त्या स्त्रियांची नावे उरली नाहीत. त्यांचे काम मात्र उरले : १९९३ मध्ये बार्सिलोनात एक रंगीत प्रत अत्यंत जीर्ण अवस्थेत सापडली, कित्येक वर्षे तिच्यावर काम झाले आणि २०११ मध्ये कान महोत्सवात ती पडद्यावर आली. मालिका १९९८ ची. तिच्या कर्त्यांना ही दुरुस्त प्रत पाहता आली नव्हती, हे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण फिल्म हाताने रंगवली जाई, ही माहिती काही २०११ ची नव्हे.

अशा वेळी बीबी का मकबऱ्याचे दार आठवते. मकबरा म्हटले की औरंगजेब, दिलरस बानू, आझमशाह आणि मग ताजमहालाशी तुलना, एवढ्यावर बोलणे थांबते. मुख्य दारावरच्या लेखात मात्र दोन नावे आहेत : वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. शहरात वाढलेल्या किती जणांनी ती वाचली आहेत? दारावर नावे असताना कल्पनेतल्या कारागिराच्या आठवणी कोणी त्या अंगणात ऐकवू लागले, तर गारखेड्यातला इतिहासवेडा मुलगा सर्वांत आधी हात वर करील. त्युइलिएच्या कारखान्यातल्या बायकांसाठी तसा हात वर करायला हवा.

मालिकेचा दुसरा दोष साक्षीच्या आशयातला. कथेचा रोख असा, की अमेरिकेत एडिसनच्या माणसांनी चित्रपटाच्या चोरट्या प्रती काढल्या, पैसा त्यांनी केला आणि मेलिएस बुडाला. प्रती निघाल्या हे खरे आहे. एडिसनच्या कंपनीने काढल्या, तशा लुबिनने आणि सेलिगनेही काढल्या. एकट्या एडिसनच्या माथी सगळे फोडणे सोयीचे आहे, कारण ते नाव सर्वांना ठाऊक असते. या चोरीमुळेच मेलिएसने १९०३ मध्ये आपला भाऊ गास्ताँ याला न्यूयॉर्कला पाठवून तेथे शाखा उघडली. पण तो बुडाला त्याला दहा वर्षे गेली आणि कारणे अनेक होती. चित्रपट बदलला, कथा लांबल्या, कॅमेरा रस्त्यावर आला. मेलिएस मात्र आपल्या रंगवलेल्या पडद्यांपुढून हलला नाही. १९११ मध्ये त्याने पाते कंपनीशी करार करून पैसा घेतला आणि मालमत्ता अडकवली. गास्ताँने चित्रीकरणासाठी दूरदेशीच्या सफरी काढून मोठे नुकसान केले. १९१३ मध्ये मेलिएसची पहिली पत्नी वारली, पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झाले. शेवटी १९२३ मध्ये त्याचे नाट्यगृह पाडले गेले, माँत्रयची जागा गेली आणि त्याने साठवलेल्या मूळ फिल्म संतापाने स्वतःच्या हातांनी जाळल्या. त्याआधी युद्धकाळात त्याच्या कितीतरी प्रती वितळवून सैनिकांच्या बुटांच्या टाचांसाठी वापरल्या गेल्या होत्या. चंद्रावर जाणारा चित्रपट बुटाच्या टाचेत शिरला, यापेक्षा विदारक दृश्य कोणता पटकथाकार लिहील?

शिवाय मेलिएस स्वतः उसनवारीचा महापंडित होता. तोफ व्हर्नची. चंद्रावरचे अळंब्यांचे रान आणि तिथले रहिवासी एच. जी. वेल्सच्या १९०१ च्या कादंबरीच्या वळणाचे. यातून त्याची प्रतिभा उणी ठरत नाही, पण निष्पाप कलावंत आणि लबाड व्यापारी अशी सरळ वाटणी टिकत नाही. सरळ वाटणी मालिकेला हवी असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती मिळताच सावध व्हावे.

आणि एक गोष्ट अशी, जी वसाहतीत जन्मलेल्या माणसाच्या वंशजाला पॅरिसच्या प्रेक्षकाहून लवकर दिसावी. चित्रपटातले शास्त्रज्ञ चंद्रावर उतरताच तिथल्या रहिवाशांना छत्रीने झोडपतात. फटका बसला की तो जीव धुराचा लोट होऊन नाहीसा होतो. त्यांच्या राजाला उचलून आपटतात. एक चंद्रवासी परतणाऱ्या गोळ्याला चिकटून पृथ्वीवर येतो, तर मिरवणुकीत त्याला दोरी लावून नाचवले जाते, आणि शास्त्रज्ञांच्या म्होरक्याचा पुतळा उभारला जातो : चंद्राच्या मस्तकावर पाय दिलेला. त्या वर्षांत युरोपात वसाहतींतून आणलेली माणसे प्रदर्शनात मांडली जात. मेलिएस व्यंगचित्रकार होता, राजकीय व्यंगचित्रे त्याने तरुणपणी काढली होती, आणि ही सारी मिरवणूक साम्राज्याची थट्टा आहे असे वाचन आज अनेक अभ्यासक करतात. ते पटण्यासारखे आहे. निदान एवढे तर दिसतेच, की हा केवळ स्वप्नाचा चित्रपट नव्हे. मालिकेला आरंभीचे निर्मळ स्वप्न हवे होते, म्हणून या चित्रपटाला तिने स्वप्नाच्या चौकटीत बसवले. जानेवारी १९०३ मध्ये कर्झनचा दिल्ली दरबार भरला, हत्ती आणि संस्थानिक मिरवले गेले, आणि तेही कॅमेऱ्याने टिपले. दोन्ही मिरवणुकींत चार-पाच महिन्यांचे अंतर आहे. दोन्ही एकामागोमाग पाहिल्या तर चंद्रवासीयाच्या दोरीचे दुसरे टोक कोठवर येते हे ध्यानात येईल.

आता तो दुसरा जादूगार. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईत जे. जे. कलाशाळा, बडोद्यात कलाभवन, गोध्र्यात छायाचित्रांचा धंदा, लोणावळ्यात छापखाना, आणि मध्येच एका जर्मन जादूगाराकडून शिकलेली हातचलाखी. तिचे प्रयोग ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने करीत. फाळके हे आडनाव उलटे वाचले की झाला प्रोफेसर. १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि मेलिएसला ल्युमिएरांच्या खेळात जे झाले तेच त्यांना झाले. १९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. भांडवलदारांना भुलवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडा थोडा टिपला. पडद्यावर क्षणात वेल वाढला. मेलिएसने कॅमेरा थांबवून माणूस नाहीसा केला. फाळक्यांनी कॅमेरा थांबवून वाटाण्याला घाई लावली. युक्ती एकच. पुढे ती त्यांनी 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये वापरली तेव्हा मारुती आकाशातून गेला आणि कृष्ण कालियाच्या डोक्यावर नाचला. मेलिएसच्या हाती ज्या ठिकाणी चंद्र आला, त्या ठिकाणी फाळक्यांच्या हाती पुराण आले. प्रेक्षक कशावर विश्वास ठेवायला उत्सुक आहे, हे दोघांनाही जादूच्या रंगमंचावरून कळले होते.

फाळक्यांची कथा मराठीत परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटाने घराघरात नेली. तिचा सूर प्रसन्न आहे, कदाचित अधिकच. नाशिकमधली १९४४ पर्यंतची ओढगस्तीची वर्षे तिच्या कक्षेबाहेर राहतात. पण एका बाबतीत हा मराठी चित्रपट अमेरिकी मालिकेच्या पुढे आहे. त्याने सहायक कल्पिला नाही, कारण खरी सहायक घरातच होती. सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातले आचारी. 'लंकादहन'मध्ये तेच राम झाले आणि तेच सीता. असे साक्षीदार असताना कल्पना कशाला शिणवायची?

उणीव वेगळीच आहे. मेलिएसचा चित्रपट अख्खा पाहता येतो म्हणून एखादी मालिका त्याला आपल्या शेवटच्या भागात आणू शकते. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज उपलब्ध आहे, आणि तेही १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचे असावे असे काही अभ्यासक मानतात. 'लंकादहन'चे तुकडे उरले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे खेटे घालून ही रिळे मिळवली. नाहीतर तीही राहिली नसती. जुनी नायट्रेट फिल्म हवेतल्या उष्म्याने सडते आणि ठिणगीने भडकते. २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कित्येक जुने चित्रपट गेले. मेलिएसने स्वतः जाळले, आपल्याकडे दुर्लक्षाने जळले.

म्हणून मालिका पाहून झाल्यावर जो वेळ तिच्यातल्या चुका मोजण्यात जातो, तो जरा वेगळ्या कामी लागला तर बरे. 'चंद्राची सफर' आता कोणाच्या मालकीचा नाही. रंगीत प्रतही मोबाइलवर पाहता येते. ती पाहताना कथेकडे लक्ष देऊ नये, कथा मालिकेने सांगितलीच आहे. रंगाच्या कडांकडे पाहावे. कुठे तांबडा कोटाबाहेर सांडतो, कुठे एका चौकटीत आहे आणि पुढच्या चौकटीत नाही. चित्र हलते तसा रंग थरथरतो. ते थरथरणे म्हणजे पॅरिसमधल्या एका बिननावाच्या बाईचा हात आहे.

मग 'कालिया मर्दन' लावावा. फाळक्यांचा हा चित्रपट बराचसा शाबूत आहे. कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी, वेशभूषेशिवाय, साध्या मुलीच्या रूपात ती कॅमेऱ्यासमोर येते आणि वडिलांच्या सांगण्यावरून एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग हळूहळू त्या चेहऱ्याच्या जागी कृष्ण उमटतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी नाशिकच्या उन्हात बसलेली ती मुलगी थेट समोर पाहते, आणि मध्ये कोणी सांगणारा नसतो.